१०२व्या वर्षी तोंडी परीक्षा : न्याय की देखावा?

खडूस_मास्तर: इंगेबोर्ग रापोपोर्ट या जर्मन डॉक्टर २०१७ साली १०४ वर्षांच्या होऊन गेल्या. १९३८ला, नाझींच्या राज्यात, हॅम्बुर्गमध्ये त्यांचा घटसर्पावरचा प्रबंध तयार होता, गाईडलाही पसंत होता, पण आई ज्यू म्हणून तोंडीला बसूच दिलं नाही. शेवटी २०१५ला विद्यापीठाने ती परीक्षा घेतली. मला हा शुद्ध देखावा वाटतो. माती खाल्ली विद्यापीठाने आणि परीक्षा द्यायची म्हातारीने? माफी मागून डिग्री घरी नेऊन द्यायची, विषय संपला.

झुळूक: अजिबात पटलं नाही. अशी दिली असती तर ती खैरात झाली असती ना मास्तर. अडवली होती तोंडी, मग तोंडीच व्हायला हवी. आणि तयारी कशी केली बघा, नजर अधू, वाचता येत नाही, मग घटसर्पावर ७७ वर्षांत काय काय नवीन कळलं ते ओळखीची माणसं नेटवर शोधायची, फोनवर सांगायची आणि बाई ऐकून लक्षात ठेवायच्या. डीनसकट तीन प्राध्यापक बर्लिनला त्यांच्या घरी आले, दिवाणखान्यात बसून प्रश्न विचारले, आणि पास तर झाल्याच वर मॅग्ना कुम लाउडे, म्हणजे विशेष गौरवासह!

खडूस_मास्तर: तयारीला सलामच आहे. पण ज्या बाई १९६९लाच बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलात नवजात बालकांच्या विषयाच्या प्रोफेसर झाल्या, त्यांना यांनी काय तपासायचं?

तिरका_डोळा: सगळे हळवे झालेत म्हणून बोलतो. बाई पक्क्या कम्युनिस्ट. जर्मनी सोडून अमेरिकेत गेल्या, पण मॅकार्थीच्या काळात, म्हणजे तिथे कम्युनिस्टांच्या मागे सरकार लागलं तेव्हा, नवऱ्याबरोबर अमेरिकाही सोडावी लागली, १९५२ला पूर्व बर्लिन गाठलं. तिथल्या कम्युनिस्ट सरकारने बर्लिनची भिंत बांधली, पश्चिमेला पळणाऱ्यांना गोळ्या घातल्या, तरी त्या राजवटीची बाजू घेणं काही सुटलं नाही. एका अन्यायावर एवढं रडायचं आणि दुसरा दिसतच नाही?

झुळूक: यावर वेगळा धागा काढा, मीही तुमच्या बाजूने लिहीन. पण पीएचडी काय किंवा एमडी काय, चालचलणुकीचा दाखला नसतो हो. आणि मास्तर, त्यांनी स्वतःच सांगितलंय की हे मी एकटीसाठी नाही, तेव्हा ज्यांच्यावर अन्याय झाला त्या सगळ्यांसाठी केलं.

खडूस_मास्तर: तेच तर म्हणतोय! या जगल्या म्हणून फोटो निघाले. जे मारले गेले त्यांच्या अडवलेल्या प्रबंधांचं काय? तेही मंजूर करा, मरणोत्तर द्या, मग वाजवतो टाळ्या.