लोकलचा वार्षिक पास आत्ताच काढावा का?

बदलापूरकर:
26 डिसेंबर 2025 पासून रेल्वेचे भाडे वाढल्याचे वाचले. मी बदलापूरहून कुर्ल्यापर्यंत लोकलने आणि तिथून शेअर रिक्षाने वांद्रे-कुर्ला संकुलातील कार्यालयात जातो. सध्या आठवड्यातून तीनच दिवस जावे लागते. आज ना उद्या लोकलचेही भाडे वाढेल, या भीतीने सेकंड क्लासचा वार्षिक पास आत्ताच काढून ठेवणे शहाणपणाचे ठरेल का? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

जुना पासधारक:
ही वाढ उपनगरी गाड्यांना आणि मासिक पासांना लागू नाही. मेल-एक्स्प्रेसला किलोमीटरमागे 2 पैसे, म्हणजे 500 किलोमीटरच्या प्रवासाला सुमारे 10 रुपये, असे तिचे स्वरूप आहे. 1 जुलै 2025 च्या वाढीतूनही लोकल वगळलेली होती.

तुमची भीती निराधार आहे असे मात्र मी म्हणणार नाही. मासिक पासाचे मूल्य साधारण 15 एकेरी तिकिटांइतके असते. जून 2014 मध्ये ते एकदम 30 तिकिटांच्या हिशेबाने आकारण्याचे जाहीर झाले, तेव्हा दरवाढीच्या आत पास काढून घेण्यासाठी खिडक्यांवर रांगा लागल्या आणि महाराष्ट्रातून इतका विरोध झाला की अंमलबजावणीच्या आदल्या दिवशी, 24 जूनला, तो निर्णय मागे घ्यावा लागला. तेव्हापासून या पासाला हात लावण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही.

आता हिशेब पाहू. त्रैमासिक पास मासिकाच्या 2.7 पट, सहामाही 5.4 पट आणि वार्षिक 10.8 पट किमतीला मिळतो. भागाकार केल्यास लक्षात येईल की तिन्हींत सवलत सारखीच, दहा टक्के आहे. वर्षभराचे पैसे आधी भरल्याबद्दल जास्तीचे काहीही मिळत नाही. तेव्हा त्रैमासिक पास काढावा. कार्यालयाने उद्या घरूनच काम करायला सांगितले, तर फार तर तीन महिन्यांचे पैसे अडकतील.

आठवड्याचे तीन दिवस धरले तरी महिन्याला बारा-तेरा दिवस होतात आणि सेकंड क्लासचा पास आठव्या दिवशीच वसूल होतो.

ठाण्याची प्रवासी:
वरील हिशेब एसी लोकलला लावू नये. 5 मे 2022 पासून एसीचे एकेरी भाडे निम्मे झाले, पण पासाचे दर तेव्हा कमी केले गेले नाहीत. त्यामुळे एसीचा पास वसूल व्हायला सेकंड क्लासपेक्षा बरेच जास्त दिवस लागतात. मी सेकंड क्लासचा पास ठेवते आणि अगदीच नको झाले, तर त्या दिवसापुरते एसीचे तिकीट काढते. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडून मृत्युमुखी पडले, तेव्हापासून घरचेही मला हाच आग्रह करतात. बंद दाराच्या गाडीसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात, हे मला आजही पटलेले नाही.

कुर्ला पश्चिम:
आपण सर्वजण रेल्वेकडेच पाहत आहोत. 1 फेब्रुवारी 2025 रोजी रिक्षाचे किमान भाडे 23 वरून 26 रुपये झाले आणि 9 मे 2025 रोजी बेस्टचे किमान भाडे 5 वरून थेट 10 रुपये. तुमचा खर्च तिथे वाढला आहे.

बदलापूरकर:
सर्वांचे आभार. काल वहीत हिशेब मांडला, तेव्हा घर ते स्टेशन आणि कुर्ला ते कार्यालय या दोन रिक्षांचा महिन्याचा खर्च पासाच्या कितीतरी पट निघाला, आणि मी चिंता मात्र पासाची करत होतो! त्रैमासिक पास काढतो. कुर्ल्याहून बसने गेल्यास सकाळी साडेनऊला चढायला मिळते का, एवढे कोणी सांगावे.

कुर्ला पश्चिम:
मिळते, पण बसायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.