मदत हवी आहे: रेडियन्स की ओव्हेशन? जुनं-लहान जहाज घ्यावं की नवं-मोठं?

भटकभवानी
नमस्कार. केबिन उद्या संध्याकाळपर्यंतच राखून ठेवली आहे, नंतर सुटेल, म्हणून घाईत लिहितेय. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीची दोन जहाजं समोर आहेत, रेडियन्स ऑफ द सीज आणि ओव्हेशन ऑफ द सीज. पहिलं २००१ चं, दुसरं २०१६ चं. पहिलं ९० हजार टनांचं, दुसरं १ लाख ६८ हजार टनांचं. एक रेडियन्स क्लास, एक क्वांटम क्लास. तीन दिवस तक्ते बघून डोकं भणभणलंय. भाड्यात म्हणण्यासारखा फरक नाही. टनेज जास्त म्हणजे जहाज जड, म्हणजे कमी हलणार, हे बरोबर ना? आणि जुन्या जहाजाची भीती बाळगावी का?
कृपया "दोन्ही छान आहेत" असं सांगू नका. एकच नाव हवंय.

होकायंत्र
कुठे चाललात? किती रात्री? किती जण, वयं काय? एवढं कळल्याशिवाय नाव कसं सांगणार?

दर्याभूक
ओव्हेशन. डोळे झाकून घ्या. मी क्वांटम क्लासच्याच एका जहाजावर होतो. नॉर्थ स्टार म्हणून काचेची कुपी आहे, लांबलचक दांड्यावर बसवलेली. समुद्रापासून ९० मीटर वर नेते. वर गेल्यावर कोणी बोलत नाही, सगळे नुसते बघत राहतात. आत बंपर कार, स्केटिंग. बाहेर पाऊस पडला तरी अडत नाही. खिडकी नसलेल्या केबिनमध्येही भिंतीवर मोठा पडदा असतो, त्यावर बाहेरचा समुद्र त्या क्षणी जसा आहे तसा दिसतो. हे सोडून इतकं जुनं जहाज कशाला?

चाफेकळी
माझं मत, जो वरचा क्लास असेल त्याचंच तिकीट काढा. अशा सहली पुन्हा पुन्हा होत नाहीत. खालच्या क्लासच्या लोकांना काही डेकवर जाऊ देत नाहीत असं ऐकलंय.

सुकाणू
चाफेकळी, इथे क्लास म्हणजे तिकिटाचा वर्ग नव्हे. एका आराखड्यावर बांधलेली सख्खी भावंडं म्हणजे एक क्लास, आणि त्यातल्या थोरल्याचं नाव सगळ्यांना. रेडियन्सची भावंडं ब्रिलियन्स, सेरेनेड, ज्युएल, २००१ ते २००४ मधली. क्वांटमची अँथम, ओव्हेशन, आणि पुढे थोडा फेरफार करून बांधलेली स्पेक्ट्रम (२०१९) आणि ओडिसी (२०२१).

आता भटकभवानी ताईंचं. बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली आहेत म्हणून हे ठासून सांगतो: ग्रॉस टनेज हे वजन नाही. जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे, १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारातल्या सूत्राने काढलेलं. क्रूझ जहाजाचं खरं वजन त्या आकड्यापेक्षा बरंच कमी भरतं. डेकवर डेक चढवत गेलं की टनेज फुगतं, पण त्याबरोबर वाऱ्याला अडणारी भिंतही उंच होते. हलण्याचा हिशेब लांबीचा, लाटेच्या जातीचा आणि पोटाखालच्या, हेलकावे कमी करणाऱ्या स्टॅबिलायझर पंखांचा. ओव्हेशन ३४८ मीटर, रेडियन्स २९३. दोन्ही चांगली लांब आहेत.

वय आणि आकार हातात हात घालून चालतात असंही समजू नका. याच कंपनीचं व्हॉयेजर १९९९ चं, म्हणजे रेडियन्सपेक्षा जुनं, आणि तरी १ लाख ३७ हजार टनांचं. त्याच्या पोटात बर्फावरच्या स्केटिंगचं मैदान आहे. रेडियन्स मुद्दाम अंगाने बारीक ठेवलं, पनामा कालव्याच्या जुन्या दारांतून जावं म्हणून. त्यांचंच एन्चँटमेंट तर १९९७ चं, पण २००५ मध्ये मधोमध कापून त्यात २२ मीटरचा नवा तुकडा जोडला. त्याचं वय काय म्हणाल?

दर्याभूक
हे वाचायला छान आहे, पण ताईंना टनेजचं सूत्र घेऊन काय करायचंय? मोठ्या जहाजावर माणसाला जागा जास्त मिळते, एवढं तरी मान्य करा.

सुकाणू
नाही करणार, कारण भागाकार तसं सांगत नाही. एका केबिनमध्ये दोघं धरले तर रेडियन्सवर सुमारे २१४० प्रवासी, ओव्हेशनवर सुमारे ४१८०. टनेजला त्याने भागा. रेडियन्सचे माणशी ४२ येतात, ओव्हेशनचे ४०. याच कंपनीच्या आयकॉन जहाजाचं करून बघा, २४८६६३ भागिले ५६१०, म्हणजे ४४. खूप मोठं जहाज आणि जागाही जास्त, हे तिथे खरं आहे. तुमच्या जोडीत नाही.

भटकभवानी
अहो, अलास्काला जातोय. लिहिलं नव्हतं का? सात रात्री. आम्ही पाच जण. मी, नवरा, मुलगी १४, मुलगा ९ आणि माझी आई. मुलांना अर्थातच ओव्हेशन हवंय.

होकायंत्र
चढणार कुठे, उतरणार कुठे?

भटकभवानी
रेडियन्स कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघून अलास्कातल्या स्युअर्डला सोडतं. ओव्हेशन अमेरिकेतल्या सिॲटलहून निघून परत सिॲटललाच. का?

होकायंत्र
मग ही दोन जहाजांची तुलना राहिलीच नाही, सहलीच दोन वेगळ्या आहेत. तक्त्यांत हे सापडणार नव्हतं.
सिॲटलहून निघणारी बरीच जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, म्हणजे उघड्या प्रशांत महासागरातून वर जातात. व्हँकुव्हरची जहाजं बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधून, शांत पाण्यातून. दोन्हीकडे डोंगर, झाडी. त्याला इनसाइड पॅसेज म्हणतात. मात्र स्युअर्डला जायचं तर शेवटी अलास्काचं आखात ओलांडावं लागतं आणि ते उघडं आहे. म्हणजे एकाचा उघडा समुद्र सुरुवातीला आणि परतीला, दुसऱ्याचा शेवटाकडे.
आणखी एक. सिॲटलच्या सहलीत शेवटी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळचा थांबा असतो. लोक विचारतात इतका उशिरा कशाला. अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे, परदेशी नोंदणीचं जहाज अमेरिकेतल्या बंदरातून निघून अमेरिकेतच परतणार असेल तर मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं. दोन्ही सहलींत कॅनडा आणि अमेरिका दोन्ही देश येतात, तेव्हा तुमच्या पासपोर्टला काय व्हिसा लागतो ते आजच बघा.

गलबत
थोडं अवांतर. ही दोन्ही जहाजं एकाच कारखान्यात जन्मली, जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या मायर व्हर्फ्टमध्ये. गंमत म्हणजे तो समुद्रावर नाहीच, एम्स नदीकाठी आत आहे. तयार जहाज चिंचोळ्या नदीतून समुद्राकडे नेतात तेव्हा ते उलटं, शेपटीकडून नेतात, कारण तसं वळवायला सोपं जातं. दोन्ही काठांवर शेतं आणि मधून हा एवढा मोठा धूड सरकतोय, ते बघायला लोकांची गर्दी होते. क्रूझपेक्षा मला ते बघायला आवडेल.

दर्याभूक
सुकाणू साहेब, सुरक्षिततेवर तुम्ही काहीच बोलला नाहीत. २०१० च्या जुलैनंतर ज्या मोठ्या प्रवासी जहाजांची कील (तळाचा कणा) घातली त्यांना नियमच आहे, एका भागात आग लागली किंवा पाणी शिरलं तरी ठरावीक मर्यादेपर्यंत आपल्या बळावर बंदर गाठता आलं पाहिजे. ओव्हेशन त्यात बसतं, रेडियन्स नाही. वय महत्त्वाचं नाही कसं?

सुकाणू
हा मुद्दा खरा आहे आणि तुम्ही काढलात ते बरं झालं. नवं जहाज या बाबतीत उजवं, वाद नाही. पण यावरून जुनं धोक्याचं असं ताईंनी समजू नये. प्रवासी जहाजाची तपासणी दरवर्षी होते आणि पाच वर्षांत किमान दोनदा कोरड्या गोदीत चढवून तळ तपासला जातो. माझा भर देखभालीवर. वीस वर्षांचं नीट ठेवलेलं जहाज मी पाच वर्षांच्या हयगय केलेल्या जहाजापेक्षा केव्हाही पत्करेन.

दर्याभूक
हयगय केलेल्याची गोष्ट इथे निघालीच नव्हती.

चाफेकळी
क्लासचं समजावल्याबद्दल आभार, मी खरंच चुकीचं धरून बसले होते. पण केबिनचं एक अनुभवाने सांगते, कारण आमची अर्धी सहल त्यात गेली. दुसऱ्याच एका कंपनीच्या जहाजावर आमची केबिन पोहण्याच्या तलावाच्या बरोब्बर खाली आली. रोज पहाटे पाचला डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज. तक्रार केली, केबिन बदलून मिळाली नाही. तेव्हापासून मी डेकचा नकाशा उघडते आणि आपल्या वर काय, खाली काय ते बघते. वर-खाली केबिनच असतील तरच घेते. जहाज कुठलंही असो, हे कराच.

होकायंत्र
ताई, आईंबद्दल काही लिहिलं नाहीत. वय? चालतात का? बोट लागते का?

भटकभवानी
आई ७१. गुडघे दुखतात, घरात चालते, लांब जायचं तर चाकाची खुर्ची. आणि हो, बोट लागते. लहानपणापासून. हे लिहायला हवं होतं का आधी?

होकायंत्र
पहिल्याच ओळीत हवं होतं.
बोट लागते तर केबिन जहाजाच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खालच्या डेकला घ्या. नाकाकडची आणि वरची घेऊ नका, बाल्कनीसाठी हट्ट करू नका. औषध डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवा.
खुर्चीसाठी दोन गोष्टी कंपनीकडून आजच लिहून घ्या. कुठल्या बंदरात जहाज धक्क्याला लागणार आणि कुठे नांगर टाकून लाँचने नेणार? लाँचला लाट असेल तर खुर्ची उतरवू देत नाहीत, आई जहाजावरच राहतील. आणि स्युअर्डला उतरल्यावर विमानासाठी अँकोरेजपर्यंत रस्त्याने सुमारे २०० किमी आहेत, बस किंवा रेल्वे. आईंना झेपेल का? सिॲटलच्या फेरीत हे सगळं वाचतं.

दर्याभूक
बघा, ओव्हेशनच आलं.

सुकाणू
थांबा. मोठ्या जहाजावर केबिनपासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं अंतरही मोठं, आणि ३४८ मीटर रोज चार वेळा म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. रेडियन्सवर सगळं जवळ. शिवाय त्याच्या मधल्या लिफ्ट काचेच्या आहेत, समुद्राकडे तोंड केलेल्या. ज्यांना डेकवर थंडीत उभं राहवत नाही त्यांना आतूनही भरपूर दिसतं.

भटकभवानी
आत्ताच आईशी बोलले. मी इतके दिवस तिलाच विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "मला बर्फाचा डोंगर समुद्रात पडताना बघायचाय. बाकी कुठल्याही बोटीवर बसव." दोन्हींपैकी कुठे दिसेल?

होकायंत्र
स्युअर्डच्या मार्गावर हबर्ड हिमनदी असेल तर तेच. तिचं समुद्राकडचं तोंड सुमारे १० किमी रुंद आहे आणि कडे तुटून पाण्यात पडतात. सिॲटलच्या सहलींत बहुधा एन्डिकॉट आर्म असतो, अरुंद फ्योर्ड म्हणजे उंच कड्यांमधली खाडी, टोकाला डॉस हिमनदी. तोही सुंदर आहे, पण पाण्यात बर्फाचे तुकडे जास्त झाले तर जहाज अलीकडूनच वळतं. हबर्डलाही धुकं आणि बर्फ आडवे येतात, शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही. तुमच्या तारखेच्या कार्यक्रमात नेमकं काय लिहिलंय?

भटकभवानी
रेडियन्सच्या तारखेला हबर्ड लिहिलंय. ओव्हेशनला एन्डिकॉट.
मग रेडियन्स. मुलगी रुसलीय, तिला ती नॉर्थ स्टारची कुपी हवी होती. केबिन मध्यावरची, खालच्या डेकची, खिडकीची मिळतेय, वर-खाली केबिनच आहेत, चाफेकळी, नकाशा बघितला. स्युअर्डनंतर एक रात्र तिथेच राहू, दुसऱ्या दिवशी रेल्वे. आता शेवटचं विचारते, केबिन डावीकडची घेऊ की उजवीकडची?

दर्याभूक
मुलीला सांगा, रेडियन्सवर बिलियर्डचं टेबल आहे, जहाज हललं तरी ते स्वतः समतोल राहतं. चौदा वर्षांच्या मुलीला आवडेल.

सुकाणू
उत्तरेकडे जाताय, म्हणजे मुख्य भूमी उजव्या हाताला. इनसाइड पॅसेजमध्ये दोन्ही बाजूंना किनारा आहे, तिथे फरक पडत नाही. आखातात उजवीकडे लांबवर बर्फाच्या रांगा दिसतात, आकाश मोकळं असेल तर. हबर्डपुढे जहाज सावकाश गोल फिरतं, दोन्ही बाजूंना दिसावं म्हणून. उजवीकडची घ्या. आणि त्या दिवशी आईंना खिडकीत न बसवता सकाळी लवकर वर काचेमागे जागा धरून द्या, नंतर गर्दी होते.