बंडल : जुडी की वाट?

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मी गाड्यांच्या वायरिंग हार्नेसचं, म्हणजे गाडीभर वीज आणि सिग्नल नेणाऱ्या, एकत्र बांधलेल्या वायरींच्या संचाचं, डिझाइन करते. आयटीआयहून आलेल्या नव्या मुलामुलींसाठी सध्या मराठीत टिपणं लिहायला घेतली आहेत आणि पहिल्याच पानावर 'बंडल' या शब्दापाशी अडले आहे. 'बंडल राउट करा' म्हटलं की सगळे मान डोलावतात, पण खोदून विचारलं तर प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं चित्र असतं. आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. मेथीची जुडी, लाकडांची मोळी, कडब्याची पेंढी, नोटांची गड्डी, किल्ल्यांचा जुडगा. यातला कोणता घ्यावा? आणि 'राउटिंग'ला, म्हणजे वायर कुठून न्यायची ते ठरवण्याला, काय म्हणावं? 'मार्गनिर्धारण' लिहून पाहिलं, पण मुली त्या शब्दावरून नुसती नजर फिरवून पुढे गेल्या.

प्रतिसाद, दिंडोरीहून

ताई, आमची द्राक्षबाग आहे आणि मी सातपूरला हार्नेसच्या बोर्डवर काम केलेलं आहे. मला दोन्हीकडे एकच आकार दिसतो. जमिनीतून वर येतं ते खोड, मांडवाच्या तारेवर आडवे पसरतात ते ओलांडे, ओलांड्यावर काड्या. हार्नेसमध्येही मधला जाड भाग, त्याच्या फांद्या आणि टोकाला कनेक्टर. आपल्या भागातल्या मुलांना खोड, ओलांडा, काडी हे शब्द समजावून सांगावे लागणार नाहीत. 'जुडी' मात्र नको. जुडीतल्या सगळ्या काड्या एकाच लांबीच्या, एकाच ठिकाणी कापलेल्या. हार्नेसमधली वायर मध्येच आत येते, मध्येच बाहेर जाते.

प्रतिसाद, ओझरहून

झाडाची उपमा जर्मन लोकांनीही घेतली आहे. हार्नेसला ते 'काबेलबाउम' म्हणतात, म्हणजे केबलचं झाड. फ्रेंच 'फेसो' म्हणतात, त्याचा अर्थ जुडी किंवा मोळी. इंग्रजी हार्नेस म्हणजे घोड्याचा साज. तीन भाषांनी तीन ठिकाणांहून शब्द उचलले. झाडाची अडचण एवढीच की झाडाला मूळ असतं. हार्नेसमध्ये एका फांदीतली वायर बुंध्यातून थोडं अंतर जाऊन दुसऱ्याच फांदीत शिरू शकते. द्राक्षाची काडी असं करत नाही.

शब्द नीट ठरवा, ताई. नाव एक आणि आतला हिशेब दोन असला की काय होतं, ते विमानवाल्यांनी पाहिलंय. एअरबस ए-३८० मध्ये सुमारे ५३० किलोमीटर वायर असते. एअरबसचे हॅम्बुर्गचे लोक कातिया या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीत काम करत होते, तुलूझचे पाचव्या. जोडणीला घेतल्यावर वायरी आखूड पडू लागल्या आणि २००६ मध्ये विमानांच्या तारखा पुन्हा पुढे ढकलाव्या लागल्या.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. तुमचं वाचताना माझ्या लक्षात आलं की मी प्रश्नच अर्धवट विचारला होता.

हार्नेस डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बंडल' हा एकच शब्द दोन वस्तूंना वापरला जातो. आधी आपण गाडीच्या त्रिमितीय मॉडेलमध्ये, इंजिनची उष्णता आणि पत्र्याच्या कडा टाळत, एका क्लॅम्पपासून (वायरी गाडीला धरून ठेवणाऱ्या पकडीपासून) दुसऱ्यापर्यंत एक रेघ ओढतो. तेव्हा तिच्यात एकही वायर नसते, तरी तिला बंडल म्हणतात. मग वायरींच्या यादीतली एकेक वायर त्या रेघेतून जाते आणि जे जमतं, तेही बंडलच. मराठी कान इथे बरोबर अडखळतो, कारण जुडी रिकामी असू शकत नाही. रिकामी असते ती वाट.

म्हणून मी आता दोन शब्द वापरणार आहे. रेघ ती 'वाट'. तिच्यातून जाणाऱ्या वायरी मिळून 'जुडी'. लांबी आणि वळण वाटेचं, जाडी जुडीची. जुडी वाकायला लागते तेवढी त्रिज्या त्या वळणाला आहे का, हे मात्र जुडीची जाडी कळल्यावरच ठरतं. दिंडोरीच्या दादांचा आक्षेप मला मान्य आहे, म्हणून जुडी नेहमी दोन फाट्यांमधल्या तुकड्याची धरायची. तेवढ्या तुकड्यात कोणी आत येत नाही, कोणी बाहेर पडत नाही.

फाटा हा शब्द तर कारखान्यातून घरी जाताना पाथर्डी फाट्यावर रोज समोर असतो! फांदी फुटते ती जागा म्हणजे फाटा. तिथे जाडी बदलते, आणि नव्या मुलांकडून चूक होते ती नेमकी इथेच. समजा २ मिलिमीटर जाडीच्या १९ वायरी आहेत. जुडीचा व्यास काढायचा ढोबळ हिशेब असा : वायरींच्या संख्येचं वर्गमूळ, गुणिले एका वायरीची जाडी, गुणिले १.२. म्हणजे साधारण १०.५ मिलिमीटर. फाट्यावर १२ वायरी वळल्या की पुढे ७ उरल्या, व्यास ६.३. (एकीभोवती सहा अगदी घट्ट बसवल्या तर नेमके ६.) क्लॅम्प आणि जुडीवर चढवायची नळी दोन्हीकडे वेगळ्या मापाची लागणार. वायरीची वाट बदलली तर जुन्या आणि नव्या, दोन्ही वाटांवरच्या जुड्यांचे व्यास पुन्हा काढायचे. सॉफ्टवेअर ते आपोआप काढतं, पण आधीच निवडलेला क्लॅम्प तपासायची सवय आपणच लावून घ्यायची.

आणि राउटिंग? त्याला शब्द घरातच होता : मार्गी लावणे. कामं मार्गी लावतो, मुलांना मार्गी लावतो, तशी वायर मार्गी लावायची. सॉफ्टवेअर शेवटी वाट न मिळालेल्या वायरींची यादी देतं. काल एक मुलगी ती यादी बघून सहज म्हणाली, "ताई, अजून चार मार्गी लागायच्यात." मी तिला हा शब्द शिकवलेला नव्हता.

आता एकच अडलंय. दोन-तीन वायरी एकत्र दाबून किंवा वेल्ड करून जिथे एक होतात, त्या स्प्लाइसला तुमच्याकडे 'सांधा' म्हणतात की 'जोड'?