दाबोळीच्या 'राणी'वर छप्पर हवं की नको?

सागरतीर:
गोव्यात दाबोळीहून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाताना नौदलाचं विमान संग्रहालय लागतं. १९९८ साली सुरू झालं. आतल्या दालनांत इंजिनं, शस्त्रास्त्रं वगैरे आहेत, पण खरा ऐवज बाहेर उघड्यावर उभा आहे: सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, सीलँड आणि सगळ्यांत थोरलं ते तीन उभ्या पंखांच्या शेपटीचं सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियात असताना त्याचं नाव 'रानी ऑफ एलोरा' होतं. पुढे ते हवाई दलात गेलं, १९७६ साली नौदलाने अशी पाच विमानं घेतली आणि याच दाबोळीवरून अरबी समुद्रावर टेहळणी सुरू केली. प्रवासी, लष्करी आणि नौदलाचा असे तीन जन्म एकाच सांगाड्याने पाहिले.

आज त्यावर दर पावसाळा जसाच्या तसा कोसळतो, वर्षभर खारा वारा असतोच. विमानवाहू विक्रांत २०१४ साली मोडीत गेली, विराट २०२० साली जहाजं तोडतात त्या अलंगला. ज्या डेकवरून यातली सी हॉक, अलिझे, सी हॅरियर उडाली ते डेकच उरले नाहीत. आता उरलेलं तरी राखा. राणीवर आधी छप्पर घाला, बाकीची सजावट मागाहून.

घाटमाथा:
भावना पटते, उपाय पटत नाही. पंखांचा पल्ला साडेसदतीस मीटरच्या आसपास. तेवढ्यावर मध्ये खांब न देता छप्पर म्हणजे दोन-चार लाखांचं काम नव्हे. आणि बाजू उघड्या ठेवल्या तर खारा वारा आत शिरणारच. उलट आज निदान पाऊस मीठ धुऊन नेतो, छपराखाली ते पत्र्यावर तसंच बसून राहील. खरंच जपायचं असेल तर समुद्रापासून लांब न्या. नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी कंपनीचा विमान कारखाना आहे, हवा कोरडी आहे, विमान कळणारे हातही आहेत.

पत्रारिव्हेट:
विमान देखभालीत माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून लिहितो. मीठ साचण्याचा घाटमाथांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. आडोशाचे भाग, म्हणजे पंखाखालची बाजू आणि चाकांचे कप्पे, नेहमी आधी सडतात. पण पाऊस धुतो तो वरचा पत्रा. नुकसान होतं ते पत्र्यावर पत्रा चढतो त्या सांध्यांत आणि ॲल्युमिनियमला जिथे पोलादी बोल्ट लागतो तिथे. ओल आणि मीठ मिळालं की दोन धातूंत बॅटरीसारखी क्रिया चालू होते, ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते आणि पत्रा फुगतो. पाणी निघून जायची तळाची भोकं पक्ष्यांच्या काड्यांनी बुजली तर पोटात डबकं साचतं. त्यावर नुसता रंग मारला की रोग झाकला जातो, एवढंच.

म्हणून छप्पर हवं, पण सोबत गोड्या पाण्याची नियमित धुलाई, भोकांची सफाई आणि चाकांवरचा भार काढणारे स्टँड हवेत. नुसतं छप्पर घालून फीत कापायची असेल तर नको.

मांडवीकाठ:
ओझरची सूचना वाचून वाईट वाटलं. पंख सुटे करून घाटातून न्यायचं, पुन्हा जोडायचं, आणि दाबोळीशी असलेलं नातं तोडायचं? गोव्यातल्या शाळेच्या पोरांनी विमान बघायला नाशिक गाठायचं का? 'दुसरीकडे नेऊ' म्हटल्यावर काय होतं ते विराटच्या वेळी दिसलंच. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने सिंधुदुर्गात निवतीजवळ ८५२ कोटींच्या संग्रहालयाला मंजुरी दिली. जहाज गेलं अलंगला.

घाटमाथा:
विराटचं दुःख मलाही आहे. ओझरचा आग्रह सोडतो, पण मग क्रम तरी नीट लावा. सुपर कॉन्स्टेलेशन जगात इतरत्रही जपलेली आहेत. सीलँडचं तसं नाही. मुळात ती पंचविसेकच बनली, त्यातली दहा आपल्या नौदलाने घेतली, आणि १९५३ साली कोचीला नौदलाचं उड्डाण सुरू झालं ते त्यांच्यावरच. जगात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. लहानसं, पाण्यावर उतरणारं विमान. साध्या बंदिस्त शेडमध्ये मावेल. पहिला रुपया तिथे जायला हवा.

सागरतीर:
सीलँड आत गेलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण त्या नावाखाली राणीला पुन्हा रांगेत शेवटी उभं करू नका. दुर्मीळ किती यावरच मोल ठरवलं तर सी हॉकही मागे पडेल, आणि ४ डिसेंबर १९७१ला विक्रांतवरून उडून पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाझारवर हल्ल्याला गेलेली विमानं त्याच जातीची होती. पैशाचं म्हणाल तर विशाखापट्टणमला नौदलाचं निवृत्त टेहळणी विमान टीयू-१४२ २०१७पासून किनाऱ्यावर उभं आहे, लोक तिकीट काढून त्याच्या पोटात फिरतात. राणी आतून दाखवा, जमा होईल ते तिच्याच देखभालीला लावा.

पत्रारिव्हेट:
आतून दाखवायचं तर आधी विमानाच्या आतल्या जमिनीखालचा सांगाडा तपासावा लागेल. रोज शेकडो पावलं पडणार. ते न करता दार उघडू नये.

घाटमाथा:
म्हणजे पुन्हा खर्च तपासणीपासूनच सुरू. माझं मत कायम: छपराचा पैसा चार कायमच्या माणसांच्या पगाराला द्या, त्यांनी पावसाळा संपला की प्रत्येक विमान धुवावं, भोकं मोकळी करावीत, सांधे उघडून बघावेत. राणी उघड्यावर राहिली तरी चालेल.

सागरतीर:
चार माणसं हवीतच. पण त्यांनी धुतलेल्या विमानावर पुढच्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुन्हा पाणी पडतच राहणार असेल, तर छपराची मागणी मी सोडणार नाही.