मुख्य अडचण काजळीची

प्लाझ्माने (विजेने प्रचंड तापवलेल्या, विद्युतभारित वायूने) मिथेन, म्हणजे नैसर्गिक वायूतला मुख्य घटक, फोडला की इंधन म्हणून फुकटात हायड्रोजन मिळतो, असा एक दावा आहे. फुकटात नाही, पण स्वस्तात म्हणता येईल. पाण्यातून १ किलो हायड्रोजन काढायला किमान ३९ युनिट वीज लागते, तर मिथेन फोडायला सिद्धांतानुसार साधारण ५ युनिट ऊर्जा पुरते. (प्रत्यक्षात दोन्हीकडे जास्तच लागते.) ऑक्सिजन नसल्याने या अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइडही होत नाही.

पण १ किलो हायड्रोजनमागे ३ किलो कार्बन उरतो, म्हणजे चक्क काजळी! खरा व्यवसाय तिचाच. नॉर्वेच्या क्वार्नर कंपनीने ही पद्धत आणली. कॅनडातला त्यांचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला आणि काही वर्षांतच बंद पडला. आता अमेरिकेत नेब्रास्कामध्ये मोनोलिथ कंपनी टायरसाठीचा कार्बन ब्लॅक (रबरात मिसळायची काजळीची बारीक पूड) याच मार्गाने बनवते. टायरवाल्यांना लागून लागून किती लागणार? जगातला सगळा हायड्रोजन असाच काढला, तर काजळीचे डोंगर उभे राहतील.

शिवाय वीज कोळशाची असेल आणि गॅसच्या पाइपलाइनी गळत असतील, तर प्रदूषणाचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. मिथेन स्वतःच जबर हरितगृह वायू आहे.