मदत हवी आहे: बासला रेलिक फिनिश कसं करायचं? शनिवारच्या आत

खर्जवाला
नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. माझ्या बास गिटारला रेलिक फिनिश करायचंय, म्हणजे वापरून जुना झाल्यासारखा दिसायला हवा. हाताखाली रंग उडालेली जागा, पाठीवर बकलचे ओरखडे, कडांना टवके, आणि जुन्या लॅकरवर पडते तशी बारीक भेगांची जाळी. व्हिडिओ पाहून झाले. कोणी फ्रीझरमध्ये ठेवा म्हणतो, कोणी ब्लेडने रेघा मारा म्हणतो. मला एवढंच सांगा, भेगा नक्की कशा पाडायच्या? शनिवारी वाजवायचंय, त्याआधी व्हायला हवं.

"रेलिक कशाला?" हे कृपया विचारू नका. गेल्या महिन्यात एका जुन्या जाणत्या बासिस्टचा जॅझ बास (फेंडर कंपनीचं मॉडेल) दहा मिनिटं हातात मिळाला. त्या दिवसापासून माझा चकचकीत बास उचलावासाच वाटत नाही.

चौथी_तार
फिनिशच्या आधी तारा बदला. फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा, लावा. जुन्या बासचा जो 'ठम्म' आवाज आपल्या कानात बसलाय तो तारांचा आहे. मोटाउनचा बासिस्ट जेम्स जॅमरसन ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा वापरायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही. तुमच्या बासवर कोणत्या तारा आहेत?

खर्जवाला
तारांचा प्रश्नच नाहीये. भेगा कशा पाडायच्या?

पत्री_आणि_लांबी
बासवर फिनिश कोणतं आहे? नायट्रोसेल्युलोज लॅकर, पॉलियुरेथेन की पॉलिएस्टर? हे कळल्याशिवाय कोणी काहीही सांगितलं तरी ते अंदाजपंचे. कंपनी, मॉडेल, साल, लाकूड, काहीच लिहिलेलं नाही तुम्ही.

खर्जवाला
काळं, चकचकीत. जॅझ बासच्या आकाराचा, चार तारांचा. पाच वर्षं झाली घेऊन. लाकूड माहीत नाही.

पत्री_आणि_लांबी
'काळं, चकचकीत' हा रंग झाला. तपासायचं असं. तारा ढिल्या करा, पिकगार्ड काढा, त्याखाली जिथे रंग पूर्ण चढलाय पण एरवी दिसत नाही अशा जागी कापसाच्या काडीने ॲसिटोनचा एक ठिपका लावा. मऊ पडून चिकट झालं तर लॅकर. ढिम्म राहिलं तर पॉली. पिकगार्डला, नॉबला ॲसिटोन लागू देऊ नका, प्लास्टिक विरघळतं. आणि उत्तर येईपर्यंत फ्रीझर, ब्लेड काही नको.

मंद्रसप्तक
विचारू नका म्हणालात तरी लिहितो, कारण मला हे मनापासून खटकतं. झीज ही वाजवून कमवायची गोष्ट आहे. माझ्या प्रिसिजनला (हेही फेंडरचंच मॉडेल) बावीस वर्षं झाली. वरच्या कडेला हात टेकतो तिथला रंग उडालाय आणि त्यातला प्रत्येक सेंटिमीटर कोणत्या ना कोणत्या रात्रीचा आहे. पॉलिश पेपरने एका दुपारी तेच करायचं, मग समोरच्याने "किती जुना?" विचारलं की काय सांगणार?

अर्धा_फ्रेट
खरं सांगायचं, "रेलिक आहे". त्यात लपवण्यासारखं काय आहे?

मंद्रसप्तक, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुम्ही झीज फक्त डोळ्यांनी बघताय. माझ्याकडे फेंडरच्या रोड वॉर्न मालिकेतला, म्हणजे कारखान्यातूनच झिजवून आलेला, जॅझ बास आहे. ही मालिका २००९ मध्ये आली, साठच्या दशकातल्या जॅझ बाससारखी बेतलेली, वर पातळ नायट्रो लॅकर. पहिल्यांदा उचलला तेव्हा नेकच्या पाठीवर अंगठा सरकला तो थांबलाच नाही. याआधीच्या बासवर घाम आला की चकचकीत नेकला अंगठा चिकटायचा, पोझिशन बदलताना अडखळायचा. दुसरं म्हणजे भीती गेली. नवा बास मी मऊ फडक्यात गुंडाळून न्यायचो, स्टँडवरून कोणाचा धक्का लागला तर छातीत धस्स व्हायचं. हा आधीच टवके उडालेला, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मोकळेपणाने वाजवला. बास अंगाला लावून, कंबरेवर टेकवून, कोपर टाकून वाजवायचं वाद्य आहे. त्याची काळजी घेत घेत ते वाजवताच येत नाही.

मंद्रसप्तक
भीती तर पहिला ओरखडा पडला की आपोआप जाते. त्यासाठी कारखान्याने ओरखडा मारून द्यावा?

निळा_ॲम्प
जरा इतिहास, कारण दोघंही तो सोडून बोलताय. फेंडरच्या कस्टम शॉपने १९९५ मध्ये रेलिक बाजारात आणलं. सुरुवातीच्या गिटारी विन्स क्युनेटो स्वतःच्या वर्कशॉपमध्ये जुन्या करून द्यायचा. पुढे त्याच्या तीन पायऱ्या झाल्या त्या अशा: एनओएस म्हणजे जुन्या पद्धतीचा पण कोरा, क्लोझेट क्लासिक म्हणजे कपाटात पडून हलकासा म्हातारा झालेला, आणि रेलिक म्हणजे वापरून झिजलेला. नंतर जर्नीमन आणि हेवी रेलिक या आणखी पायऱ्या आल्या. बासच्या बाबतीत ओढ वेगळी आहे असं मला वाटतं, कारण आपल्या मनातले बासच मुळात झिजलेले आहेत. बासिस्ट जॅको पास्टोरियसचा १९६२चा जॅझ बास, 'बास ऑफ डूम', घ्या. फ्रेट काढलेले, फ्रेटबोर्डवर बोटींना लावतात ते इपॉक्सी, बॉडीचा रंग जागोजागी गेलेला. तो १९८६ मध्ये चोरीला गेला आणि सापडायला वीसेक वर्षं लागली. मधल्या काळात लोकांकडे त्याचे फोटोच होते. कस्टम शॉपने त्याची झिजलेली प्रतिकृती काढली ती म्हणूनच लोकांना हवीशी वाटली. जॅमरसनचा १९६२चा प्रिसिजन तर १९८३ मध्ये, तो जाण्याच्या थोडं आधी चोरीला गेला. बासिस्ट पिनो पॅलाडिनोच्या नावाने निघालेल्या सिग्नेचर प्रिसिजनवर लाल रंगाखालून खालचा वाळूचा रंग डोकावतो. नवा कोरा लाल रंग दिला असता तर त्याला पिनोचा बास कोण म्हणालं असतं?

चौथी_तार
जॅमरसनचं नाव निघालंच आहे तर पुन्हा सांगतो, फ्लॅटवाउंड.

गंजलेला_स्क्रू
धागाकर्ते, बॉडीचं नंतर बघा, आधी धातू जुना करा. ब्रिज, खुंट्या, स्क्रू चमकत असतील तर बाकी सगळं फुकट. मीठ आणि व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा. घाई असेल तर म्युरिॲटिक ॲसिडच्या बंद डब्यात वर जाळीवर ठेवले की अर्ध्या तासात काम होतं.

पत्री_आणि_लांबी
हे कृपया कोणी घरात करू नका. म्युरिॲटिक म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. त्याची वाफ फुप्फुसात जाते, डोळ्यात जाते आणि त्या खोलीतल्या प्रत्येक लोखंडी वस्तूला गंज चढवते, त्यात तुमच्या बाकीच्या गिटारीही आल्या. शिवाय क्रोम आणि निकेल सारखे म्हातारे होत नाहीत. निकेल मंद होतं, त्यावर सायीसारखी झाक येते. क्रोम चकचकीतच राहतं आणि त्यात टोचल्यासारखे गंजाचे ठिपके पडतात. पाच वर्षांपूर्वीच्या बासवर बहुधा क्रोमच असेल.

खर्जवाला
ॲसिटोन लावून बघितलं. काहीच झालं नाही. म्हणजे पॉली. पण मग मी जे केलंय त्याचं काय?

अर्धा_फ्रेट
काय केलंय?

खर्जवाला
धागा काढायच्या आदल्या रात्री हाताखालची जागा घासली होती. साधारण तळहाताएवढी. ८० नंबरचा पॉलिश पेपर. फोटोत दिसतं तसं येईल वाटलं होतं. काळ्याखाली राखाडी निघालं, त्याखाली काचेसारखा पारदर्शक थर, त्याखाली लाकूड. नकाशावर डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात तशी वलयं दिसतात. कडेला नख अडकतं.

पत्री_आणि_लांबी
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. असो, आता नीट सांगते.

तुमच्या बासवर पॉलिएस्टर आहे, आणि जाड आहे. खालचा काचेसारखा थर लाकडाची छिद्रं बुजवायला दिलेला, राखाडी तो प्रायमर. नायट्रो लॅकर नुसतं द्रावण उडून सुकतं. ते पातळ असतं, वर्षानुवर्षं आकसत जातं, पिवळं पडतं, ठिसूळ होतं. थंडी-उन्हात लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या प्रमाणात हलतात, ठिसूळ झालेलं लॅकर ते सहन करत नाही आणि जाळी पडते. फ्रीझरची युक्ती चालते ती यामुळे. पॉलिएस्टर मात्र रासायनिक क्रियेने घट्ट होतं, एकदा झालं की झालं. ते झिजत नाही, टवका उडतो. त्यावर जाळी पडत नाही आणि पाडायला गेलात तर मोठी, वेडीवाकडी भेग जाईल. ब्लेडच्या रेघा रेघाच दिसतात. तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: या बासवर भेगा पडणार नाहीत.

मंद्रसप्तक
जुन्या बासवर नायट्रो असतं म्हणून तो जास्त गुंजतो, हेही सांगा. लाकूड श्वास घेतं.

पत्री_आणि_लांबी
इथे सहमत नाही. साठच्या दशकातल्या फेंडरवरही नायट्रोखाली छिद्रं बुजवणारा कडक थर असायचा आणि १९६८च्या सुमाराला त्यांनी बॉडीवर जाड पॉलिएस्टर द्यायला सुरुवात केली. सत्तरीतले ते बास आज लोक शोधत फिरतात. सॉलिड बॉडीत पिकअप तारेचं कंपन पकडतो. तारा, पिकअप, हात, ॲम्प यांच्यापुढे रंगाचा थर फार मागे राहतो.

चौथी_तार
तारा. हेच म्हणत होतो.

मंद्रसप्तक
मी दोन्ही प्रकारचे बास वर्षानुवर्षं पोटाशी धरून वाजवले आहेत. पोटाला जाणवतं ते मला कोणी खोटं आहे म्हणून पटवू शकणार नाही.

निळा_ॲम्प
आवाजाचा वेगळा धागा काढू या का? इथे त्यांचा शनिवार निघून चाललाय.

खर्जवाला
धन्यवाद. मग उघड्या जागेचं काय करू? सगळा रंग काढू का?

पत्री_आणि_लांबी
शनिवारपर्यंत नाही. पॉलिएस्टर काढायचं म्हणजे हीट गनने फुगवून पत्रीने उचलायचं, मग घासायचं. उग्र वास, धूळ, मास्क, आणि खाली काय निघेल याचा भरवसा नाही. काळ्या रंगाखाली चार-पाच तुकडे जोडलेली किंवा लांबी (पुट्टी) भरलेली बॉडीसुद्धा निघते. नंतर नायट्रो मारायचं तर ते ज्वलनशील, मोकळी हवा हवी, आणि नीट सुकायला काही आठवडे द्यावे लागतात. पुढे मन झालंच तर नायट्रोची तयार बॉडी घेऊन त्यावर हाच नेक चार स्क्रूंनी बसवता येतो, फक्त नेक पॉकेटचं माप जुळायला हवं.

आत्ता एवढंच करा. कडेची वलयं २४०, मग ४०० ने उतरती करा, नख अडकायचं थांबेपर्यंत. उघड्या लाकडावर पातळ शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात द्या, नाहीतर घाम मुरेल आणि कडेने रंग उचलायला लागेल. बाकीच्या बॉडीची चमक २००० नंबरने पाणी लावून मारा. स्क्रूच्या भोकांपाशी पाणी जाऊ देऊ नका.

एक विचारायचंय. ती जागा तुम्ही फोटो बघून ठरवलीत की तुमचा हात तिथे टेकतो म्हणून?

खर्जवाला
फोटो बघून.

अर्धा_फ्रेट
मग एक करा. हाताला खडू फासा, पट्टा नेहमीच्या उंचीवर ठेवून अर्धा तास वाजवा आणि काळ्या रंगावर खडू कुठे लागलाय ते बघा. प्रत्येकाचा पट्टा वेगळा, कोपर वेगळं. अंगठा पिकअपवर टेकवणाऱ्याची झीज आणि नेकजवळ वाजवणाऱ्याची झीज यांच्या जागाच वेगळ्या.

आणि आता तुम्ही नको म्हणालेला प्रश्न विचारतोच. त्या जुन्या बासवर दहा मिनिटांत नेमकं काय आवडलं? डोळे मिटून आठवा आणि सांगा.

खर्जवाला
खडू लावून वाजवलं. मी घासलेल्या जागेच्या चार बोटं मागे, ब्रिजच्या बाजूला लागला. पट्टा खाली असतो माझा. म्हणजे जागाच चुकली.

दुसऱ्या प्रश्नावर काल रात्री बराच वेळ विचार केला. त्या बासची बॉडी मला नीट आठवतसुद्धा नाही. सनबर्स्ट होता एवढंच. आठवतो तो नेक. पाठीवरचं लॅकर जाऊन लाकूड राखाडी, गुळगुळीत झालेलं. फ्रेटबोर्डच्या कडा बोटाला लागतच नव्हत्या, जणू वाळूत पडलेला दगड. पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत हात गेला तो मला कळलाच नाही. माझ्या नेकची कड तळहातात रुतते हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं.

पत्री_आणि_लांबी
हे शनिवारच्या आत होतं! नेकच्या पाठीवर ६०० नंबर, फक्त लांबीच्या दिशेने, मग राखाडी स्कॉच-ब्राइट. चमक जाईल, खालचा थर राहील, तेवढं पुरेसं आहे. स्टील वूल वापरणार असाल तर आधी पिकअप चिकटपट्टीने पूर्ण झाका, लोखंडाचा भुगा चुंबकाला चिकटला की निघत नाही. पूर्ण लाकडापर्यंत जायची घाई करू नका, उघड्या मेपलला तेल लावून राखावं लागतं.

मंद्रसप्तक
यावर माझा काही आक्षेप नाही. माझ्या नेकची पाठ मीच पंधरा वर्षांपूर्वी घासली होती. त्याला मी कधी रेलिक म्हटलं नाही, पण हेच केलं होतं.

गंजलेला_स्क्रू
मीठ-व्हिनेगर तरी चालेल ना? स्क्रूंना?

पत्री_आणि_लांबी
सुटे स्क्रू असतील तर चालेल, बाहेर मोकळ्यावर. नंतर पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात. खुंट्या त्यात बुडवू नका, आतले दाते गंजतील.

खर्जवाला
पाठ झाली. वीस मिनिटं लागली. अंगठा सरकतोय! हाताखालच्या जागेवर शेलॅक दिलंय, ती चुकीच्या जागीच राहील. बाकी बॉडीला हात लावला नाही. शनिवारी असाच नेतो. आता कडा. गोल कशा करायच्या, लवकर सांगा.

अर्धा_फ्रेट
फ्रेटबोर्ड मेपलचा आहे की रोझवुडचा? मेपल असेल तर कडेवर लॅकर असेल, तिथे वेगळं करावं लागतं.

पत्री_आणि_लांबी
आणि पाठ घासताना तारा काढल्या होत्या की ढिल्या करून ठेवल्या होत्या? काढल्या असतील तर लावून, सुरात आणून एक रात्र ठेवा आणि नेकचा बाक बघा, मग कडांना हात लावा.