मे अखेरची सहल: चीजमागे धावायचं की गिरणी बघायची?

प्रेषक: सचिव
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या कार्यक्रमाचा हिशेब खजिनदारांनी पाठवला आहे. त्यावरची चर्चा कृपया त्याच मेलखाली करा, इथे फक्त सहलीचं बोलू.

मेच्या शेवटच्या सोमवारी इथे इंग्लंडात बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) आहे, तेव्हा सुट्टी लागून आली आहे. बागेत चटया टाकायच्या, बटाटेवडे खायचे, अंताक्षरी खेळून घरी यायचं, यावर यंदा समितीत निम्म्या लोकांनी नाकं मुरडली. थोडं चालणं व्हावं, इथल्या गावांत काय चालतं ते बघावं, असं म्हणणं आहे. सूचना पाठवा. माझ्या अटी दोनच: वाटेवर प्रॅम (बाबागाडी) ढकलता आली पाहिजे, आणि गाडी नसलेल्यांना ट्रेनने येता आलं पाहिजे.

— सचिव

प्रेषक: बंड्या

त्यात विचारायचं काय? चीज रोलिंग! ग्लॉस्टरजवळ ब्रॉकवर्थला, कूपर्स हिलवर, नेमका त्याच सोमवारी. तीन-चार किलोचं डबल ग्लॉस्टर चीजचं चाक टेकडीवरून सोडून देतात आणि त्याच्यामागे माणसं गडगडत खाली येतात. पहिला येईल त्याला चीज. आपल्यातल्या कोणी जिंकलं तर चहापाण्याचा खर्चही वाचेल.

प्रेषक: माई

बंडू, तुझ्या आईला हा मेल पुढे पाठवते आहे.

ती टेकडी इतकी उभी आहे की दरवर्षी कोणाचा ना कोणाचा घोटा नाहीतर खांदा जातो. 2010 पासून त्याला अधिकृत आयोजकच नाही, लोक आपापल्या जबाबदारीवर उड्या मारतात. आपला विमा हॉलच्या खुर्च्या मोडल्या तर भरून देतो, माणसं मोडली तर नाही.

मला विचाराल तर डर्बीशरला चला, वेल ड्रेसिंग बघायला. पीक डिस्ट्रिक्टच्या गावागावांत मे महिन्यापासून विहिरी, झरे आणि जुने नळ फुलांच्या चित्रांनी सजवतात. सगळ्यात नावाजलेलं टिसिंग्टन. तिथे सहा ठिकाणी सजावट असते. 1349 च्या प्लेगातून गाव विहिरींच्या स्वच्छ पाण्यामुळे वाचलं म्हणून, असं कोणी सांगतं. कोणी 1615 च्या दुष्काळाकडे बोट दाखवतं. पण टिसिंग्टनचा मुहूर्त असेन्शन डेचा, म्हणजे ईस्टरपासून चाळिसावा दिवस, आणि तो कायम गुरुवारीच येतो. नोकरदारांनी रजा काढायची म्हटलं की आपल्याकडे सहा जण जमतात आणि त्यातले चार निवृत्त.

म्हणून वर्क्सवर्थ. तिथलं वेल ड्रेसिंग बँक हॉलिडेच्या सुट्टीतच असतं. तिथली प्रथा 1827 ची, गावात नळाने पाणी आलं तेव्हापासूनची. विहीर नव्हे, नळ नटवायचा! पहाटे उठून पिंपं भरलेल्या बायकांना यात नवल वाटणार नाही.

एका गावात मी ही पाकळ्या लावायची कामं केली आहेत, म्हणून सांगते. आधी मोठाल्या लाकडी फळ्या काही दिवस पाण्यात भिजवत ठेवतात, नाहीतर लाकूड मातीतलं पाणी पिऊन टाकतं. फळीवर खिळे ठोकलेले असतात, माती धरून राहावी म्हणून. मग चिकणमाती मीठ-पाणी घालून पायांनी तुडवायची. मीठ असलं की ओल टिकते. माती थापून झाली की वर चित्राचा कागद ठेवून सुईने टोचत रेघा उतरवायच्या. त्या रेघांवर अल्डर झाडाची काळी बोंडं नाहीतर कॉफीच्या बिया दाबून बसवायच्या. इथवर जमतं. पुढे पाकळ्या, आणि त्या खालून वर लावत जायच्या, वरची पाकळी खालचीवर थोडी चढलेली, म्हणजे पाऊस आला तरी पाणी ओघळून जातं. मी हौसेने वरून सुरुवात करायला गेले तर शेजारच्या म्हातारीने हात धरला. हायड्रेंजियाची एकेक पाकळी सुटी करून लावायला रात्रीचे अकरा वाजतात. हिरव्यासाठी शेवाळ आणि पार्सली, करड्यासाठी आपल्या दगडफुलाच्या भाऊबंदातलं लायकेन. प्लॅस्टिक, रंग, चमकी काही चालत नाही. आणि हे सगळं जेमतेम आठवडाभर टिकतं, मग माती सुकून भेगा पडतात. आपल्या मुलींना रांगोळीचा सराव आहेच, त्यांना फळीजवळ उभं करा, हलणार नाहीत.

— माई

प्रेषक: अण्णा

माईंच्या वर्क्सवर्थला माझं अनुमोदन. पण वर्क्सवर्थला जायचं आणि शेजारच्या क्रॉमफर्डवरून नुसतं पुढे जायचं, हे मला पटत नाही. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत थ्रॉसल, म्हणजे सूतकताईच्या, खात्यात होते. भोंगा, पाळी, बदली, जॉबर हे शब्द आमच्या घरात देवाच्या नावाइतके कानावर पडत. ते ज्या साच्यांवर (यंत्रांवर) उभे राहिले त्यांचा मूळ पुरुष क्रॉमफर्डला आहे. प्रेस्टनचा रिचर्ड आर्कराइट, धंद्याने न्हावी, केसांचे टोप विकणारा. त्याने 1769 साली पाण्यावर चालणाऱ्या सूतकताई यंत्राचं पेटंट घेतलं आणि 1771 साली इथे गिरणी उभारली. त्या वेळी पुण्यात थोरले माधवराव गादीवर होते.

यंत्राची करामत अशी. रुळांच्या जोड्या एकापुढे एक, आणि पुढची जोडी मागचीपेक्षा जास्त वेगाने फिरणारी. मधे सापडलेला पेळू (कापसाची वळी) आपोआप ताणला जातो आणि बारीक होतो, मग चातीवर (फिरत्या सळईवर) पीळ बसतो. चरख्यावर हे काम बाईची बोटं करत होती. या यंत्राचं सूत इतकं पक्कं निघालं की ते ताण्याला, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांना, चालू लागलं. त्याआधी इथे ताणा तागासारख्या लिननचा आणि बाणा (आडवे धागे) कापसाचा असायचा.

आणि आता खरी गंमत. त्या काळात इंग्लंडात निव्वळ सुती कापड वापरणं कायद्याने अडचणीचं होतं! हिंदुस्थानातलं छापील सुती कापड इथल्या बायकांना इतकं आवडलं की लोकर आणि रेशीमवाल्यांनी बोंब मारली. 1700 आणि 1721 च्या कायद्यांनी त्यावर बंदी आणली. आर्कराइट आणि त्याच्या भागीदारांनी पार्लमेंटात खटपट करून 1774 मध्ये इंग्लंडात बनलेल्या सुती कापडाला मोकळीक मिळवली. आपलं कापड बंद, त्यांचं चालू. पुढे काय झालं ते शाळेत शिकलो आहोत. ताडदेवला कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईची पहिली कापडगिरणी काढायचं ठरवलं तोवर क्रॉमफर्डला ऐंशीच्यावर वर्षं होऊन गेली होती.

इमारत बघताना एक गोष्ट मुद्दाम बघा. रस्त्याच्या अंगाला खालच्या बाजूच्या भिंती किल्ल्यासारख्या बंद आहेत, खिडक्या सुरू होतात त्या वर. 1779 मध्ये लँकशरमधली त्याची बर्केकरची गिरणी हातकताईवाल्यांच्या जमावाने उद्ध्वस्त केली होती. मालकाला भीती कोणाची होती, हे भिंतच सांगते. आत बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, गिरणी रात्रंदिवस चालू, आणि कामावर मुख्यतः बायका आणि पोरं. आर्कराइटला मोठाली कुटुंबं हवी असत. डर्बीच्या जोसेफ राइटने या गिरण्यांचं रात्रीचं चित्र काढलं आहे, चांदण्या रात्री डोंगरात नुसत्या पेटलेल्या खिडक्यांच्या रांगा. चित्र सुंदर आहे. मला मात्र ते बघितलं की रातपाळीहून आलेल्या वडिलांचे कापसाने माखलेले केस दिसतात.

गावात नॉर्थ स्ट्रीटही बघायची. आर्कराइटने कामगारांसाठी बांधलेल्या दगडी तीन मजली घरांची रांग आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर रुंद खिडकी, कारण तिथे बाप हातमाग चालवायचा आणि बायको-पोरं खाली गिरणीत. घर मालकाचं, काम मालकाचं, बाजारही मालकाचाच.

कताई संपल्यावर या जागेचे हाल झाले. तिथे रंगाचा कारखाना आला आणि जमीन शिशाने नासली. 1979 मध्ये आर्कराइट सोसायटीने जागा विकत घेतली आणि वर्षानुवर्षं ती साफ केली. 2001 पासून डरवेंट व्हॅलीतल्या गिरण्या जागतिक वारसा यादीत आहेत. परळला गिरणीच्या जागी मॉल बघून आलेल्या माणसाला इथे बरंही वाटतं आणि रागही येतो. राग इथल्या लोकांवर नाही.

— अण्णा

प्रेषक: बंड्या

अण्णा, चीज मागे घेतलं.

पण चालायचं म्हणता तर नीट चालू. गिरणीसमोरच क्रॉमफर्ड कालव्याचा धक्का आहे. कालवा 1794 चा. काठाने जुनी घोड्यांची वाट आहे, होड्या ओढायला घोडे चालत ती. अगदी सपाट. तिथून हाय पीक जंक्शनपर्यंत रमतगमत गेलो तरी तास लागत नाही. थोडं पुढे लीवुडचं पंपघर आहे, 1849 चं. डरवेंट नदीचं पाणी वाफेच्या इंजिनाने उपसून कालव्यात टाकायचं. काही ठरावीक दिवशी अजून वाफेवर चालवून दाखवतात, आपल्या दिवशी आहे का ते मी विचारून ठेवतो.

जंक्शनपासून जुनी मालगाडीची लाइन थेट डोंगरावर चढते. 1830 च्या सुमाराची. आठ-नऊ फुटांना एक फूट चढ, त्यामुळे वर बसवलेलं इंजिन दोराने डबे ओढायचं. 1888 मध्ये सुटलेले डबे खाली इतक्या वेगाने आले की कालवा आणि पलीकडची रेल्वे दोन्ही ओलांडून गेले. मग उताराच्या तळाशी असे डबे अडवायला खड्डा केला. त्यात एक मोडका डबा अजून पडलेला दिसतो. लाइन 1967 मध्ये बंद झाली, आता ती हाय पीक ट्रेल. ज्यांच्या गुडघ्यांत दम आहे त्यांनी या चढाने ब्लॅक रॉक्सवरून वर्क्सवर्थला चालत यावं. बाकीचे गाडीने.

प्रेषक: वहिनी (लेस्टर)

भावजी, गुडघ्यांचा नाही, प्रॅमचा प्रश्न आहे. कालव्याची वाट सपाट आहे हे बरं झालं. पण कठड्याशिवाय पाणी आहे, तेव्हा धावणारी मुलं कोणाच्या ताब्यात ते आधी ठरवा. शेवटी सगळी माझ्याच गळ्यात पडतात.

आणखी काही:

चढाच्या गटाला वाटेत कुरणं लागली तर पिवळ्या बाणाची पायवाट शेतातून गेली तरी ती हक्काची आहे, घाबरू नका. फाटक जसं सापडेल तसं ठेवा, उघडं असेल तर उघडं. मात्र मे-जूनमध्ये गाई वासरांसकट चरायला सोडलेल्या असतात. गाय म्हणून नमस्कार करायला जवळ जाऊ नका. मागच्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या एका आजींनी केला आणि कुंपणावरून उडी मारावी लागली. वासरू आणि गाय यांच्या मधून तर मुळीच जायचं नाही.

‘हे फीवर’ (परागांची अ‍ॅलर्जी) असलेल्यांनी गोळी सकाळीच घ्यावी, गवताच्या परागाचे दिवस सुरू होतात.

कालव्याकाठच्या झाडीत लसणाचा घमघमाट सुटेल. ती रानलसूण. पिशव्या भरू नका! पाला लिली ऑफ द व्हॅलीच्या पानांसारखाच दिसतो आणि ती विषारी असते. चटणी घरच्या लसणाची करून आणते.

प्रेषक: माई

वर्क्सवर्थच्या चर्चमध्ये पाच मिनिटं तरी जा. भिंतीत एक छोटा दगडी माणूस बसवला आहे, हातात कुदळ आणि पाटी. शिशाच्या खाणीतला कामगार, शेकडो वर्षांपूर्वीचा. गावात खाणवाल्यांचं वेगळं कोर्ट आहे आणि ते अजून दरवर्षी भरतं. अण्णांना मॅनेजमेंटविरुद्ध काही मांडायचं असेल तर सोय आहे.

प्रेषक: अण्णा

माई, माझी केस मोठी आहे, एका बैठकीत संपणार नाही.

गंभीरपणे एक विनंती. गिरणीत मला दहा मिनिटं द्या. मुलांना रूळ आणि चाती मराठीत समजावून सांगायच्या आहेत. शक्य झालं तर खऱ्या कापसाचा पेळूही आणतो, हाताने ताणून बघता येईल.

प्रेषक: सचिव

ठरलं. बँक हॉलिडेचा रविवार.

डर्बीहून मॅटलॉककडे जाणारी गाडी घ्या, क्रॉमफर्डला उतरा, साधारण अर्ध्या तासाचा प्रवास. स्टेशन छोटं आहे, दार उघडायला बटण दाबावं लागतं, नाहीतर मॅटलॉकला पोचाल. तिथून गिरणी पायी जवळ आहे. वाटेत डरवेंटवरचा जुना पूल लागतो. त्याच्या कमानी एका अंगाने टोकदार आणि दुसऱ्या अंगाने गोल आहेत, कारण पूल नंतर रुंद केला. मुलांना ओळखायला लावा, तेवढीच शांतता.

सकाळी गिरणी आणि अण्णांची दहा मिनिटं (अण्णा, दहा). मग कालव्याने हाय पीक जंक्शनपर्यंत, तिथे जेवणाचे डबे. कालव्यापलीकडच्या डोंगरात ली हर्स्ट आहे, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं उन्हाळ्याचं घर. हिंदुस्थानात पाऊल न टाकता तिने आपल्याकडच्या सांडपाण्यावर आणि कालव्यांवर अनेक वर्षं लिहिलं. त्याबद्दल कोणाला बोलायचं असेल तर जेवताना बोला, चालताना नको. दुपारनंतर बंड्याचा गट डोंगरावरून, बाकीचे गाड्यांनी वर्क्सवर्थला. सुट्टीच्या दिवशी बस विरळ असते, तेव्हा गाडीवाल्यांनी दोन फेऱ्यांची तयारी ठेवावी.

वेल ड्रेसिंगजवळ देणगीचा डबा असतो, सुटे पैसे घेऊन या. फळ्यांना हात लावू नये, ओली माती लगेच दबते.

कांदा-लसणाशिवायचे डबे किती, प्रॅम किती आणि गाडीत रिकाम्या जागा किती, एवढं येत्या रविवारपर्यंत मला कळवा. सगळ्यांना उत्तर पाठवू नका, फक्त मला.

— सचिव